अर्ध्यावर राहिलेले धवळे

माझ्यावर सगळ्यात जास्त ऋण कुणाचं असेल, तर ते आमच्या तालुक्याच्या वाचनालयातल्या बाईंचं. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, तो त्यांच्यामुळे. त्या दर रविवारी मोठ्या माणसांची बैठक भरवायच्या. एकदा माझ्या निरक्षर आईला पुढे बसवून त्यांनी बियाणं कसं निवडायचं ते सांगायला लावलं. कचेरीतली माणसं सतरंजीवर बसून ऐकत होती. तेव्हाच मनात आलं, मोठं झाल्यावर आपणही असंच काहीतरी करायचं.

बेलापूरला नोकरी लागली आणि मी सोसायटीच्या हॉलमध्ये तशी बैठक सुरू केली. निवृत्त माणसं यायची, मुलाबाळांसकट कुटुंबं यायची. गेल्या पावसाळ्यानंतर ठरलं, की इथल्या आगरी लग्नात गातात ते धवळे ऐकायचे. ते म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. जासईच्या एका आजींचं नाव सगळ्यांनी सुचवलं, पण आजी तयार नव्हत्या.

"मांडव नाय, नवरा नाय, नवरी नाय. कुनासाठी बोलवू देवांना?"

मी पुन्हा गेलो, पुन्हा विनवलं. शेवटी त्या हो म्हणाल्या. निघताना त्यांच्या सुनेने मला दारात गाठलं.

"सर, एक ध्यानात ठेवा. आधी ती सगळ्या देवांना बोलावते, शेवटी एकेकाला परत पोचवते. अर्ध्यावर थांबवाचा नाय. आन तिची छाती भरून येते मधेच, घाई नका करू."

"डॉक्टरांना दाखवलंत ना?"

"ती जातेय व्हय!" सून हसली.

देवांचं मी ऐकून सोडून दिलं. छातीचं मात्र डोक्यातून जाईना.

हॉलमध्ये ज्योत लावायला बंदी, म्हणून मी बॅटरीवरची पणती आणली होती. आजींनी ती उलटीपालटी करून पाहिली. "अरं, हिच्यान त्याल कुठं घालतंस?" सगळे हसले. आजीही हसल्या आणि डोळे मिटून त्यांनी सुरुवात केली. गावदेवाला बोलावलं, खाडीला बोलावलं, डोंगरावरच्या आईला बोलावलं. लहान मुलंसुद्धा गप्प होती. देवांच्या नावांपलीकडे मला शब्द कळतच नव्हते. मी फक्त त्यांच्या श्वासाकडे बघत होतो. प्रत्येक ओळीनंतर तो जरा उशिरा येत होता.

मग आवाज थांबला.

लोकांना वाटलं, संपलं. टाळ्या सुरू झाल्या. पहिल्या रांगेतले काका "वा, वा!" करत उभे राहिले. सून तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. आजींचं कपाळ घामाने डबडबलं होतं, पदर मुठीत आवळलेला होता आणि ओठ हलत होते.

टाळ्या वाजत असतानाच आम्ही त्यांना उचललं. गाडीत सून पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, "सगळे देव आलेत, आन पोचवलं कुनीच नाय."

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, हृदयावर ताण आहे, त्यांना बोलू देऊ नका. पण आजी तोंडावरचा मास्क सारखा बाजूला सारायच्या. त्यांना उरलेलं म्हणायचं होतं.

"आई, गप ऱ्हा ना गो!" सून रडकुंडीला आली. आजींनी तिच्याकडे बोट केलं. तू म्हण.

"मना नाय येत सगला!"

नर्सने आम्हाला बाहेर काढलं. काचेच्या दारापाशी सून भिंतीला टेकून उभी राहिली आणि अगदी हळू म्हणू लागली. मी वॉचमन येतो का ते बघत होतो. गावदेवाला तिने पोचवलं. खाडीपाशी अडखळली, मागे गेली, पुन्हा धरलं. डोंगरावरच्या आईपाशी तिला पुढचं आठवेना. ती माझ्याकडे बघत राहिली. आत मशीनचा आवाज चालू होता. तिला आठवावं म्हणून मी तिच्या ओठांकडे बघत उभा होतो. नाही आठवलं.

वाचनालयातल्या बाईंना आता फोनवर नीट ऐकू येत नाही. म्हणून तिथल्याच बाकावर बसून मी त्यांना हे पत्र लिहिलं आणि त्याच दिवशी टाकलं.

"आदरणीय बाई,

आजच्या बैठकीत गाता गाता एका आजींना त्रास झाला. त्या अतिदक्षता विभागात आहेत. उद्या सकाळपर्यंत डॉक्टर काही सांगायला तयार नाहीत. मी बोलावलं नसतं, तर त्या आज घरी असत्या. कुणी मला एका शब्दाने बोललेलं नाही, त्याचीच जास्त भीती वाटते.

त्यांचं गाणं अर्ध्यावर राहिलं आहे. उरलेलं उरणच्या त्यांच्या बहिणीला येतं. तिला आणायला आजींचा मुलगा गेला आहे. बहिणीला दाराबाहेर थोडा वेळ उभं राहू द्याल का, असं मी नर्सला विचारलं. ती 'बघू' म्हणाली. मी देव मानत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तरी मघापासून माझी नजर जिन्यावरून हटत नाही. काचेतून दिसतंय, आजींचे डोळे उघडे आहेत, त्या दाराकडेच बघतायत. बहीण वेळेत पोचावी, एवढंच मागतोय. कुणाकडे, ते मला कळत नाही.

तुमचा विद्यार्थी"