पुजलेलं मशीन

सांगलीला माझ्या सासरी तळमजल्यावर छापखाना आणि वर आम्ही राहायचो. लग्नपत्रिका छापणं हा घरचा धंदा. साताऱ्याहून पुण्याला जाऊन मी तीन वर्षं जपानी शिकले होते, पण लग्नानंतर त्या भाषेचा उपयोग एवढाच, की पाहुणे आले की सासूबाई म्हणायच्या, "जपानी बोलून दाखव की जरा." मी चार वाक्यं म्हणायची, पाहुणे हसायचे आणि मी पोहे टाकायला आत जायची. माणसं वाईट असती तर भांडता तरी आलं असतं. चांगली होती, हीच पंचाईत.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराला पुण्याच्या एका भाषांतर कचेरीचं पत्र आलं. चार पानं जपानीत करायची, संगणकावर टाइप करायची आणि खंडेनवमीला संध्याकाळी पाचच्या आत फ्लॉपी स्वतः आणून द्यायची. हातानं लिहिलेलं चालणार नव्हतं. पसंत पडलं तर घरबसल्या कायमचं काम. मला ते हवं होतं. पत्र मी दिवसातून तीनदा वाचायची.

घरात संगणक एकच, खाली लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवायचा. त्यात जपानी उमटेना. पुण्याच्या मैत्रिणीनं लिनक्सची, म्हणजे संगणक चालवायच्या वेगळ्या प्रणालीची, सीडी धाडली, तिच्यात जपानीची सोय होती. नवऱ्यानं डिस्कचा एक कोपरा मोकळा करून दिला. मुहूर्त मिळाला तो पितृपंधरवड्याचा, कारण त्या पंधरा दिवसांत पत्रिका छापायला कुणी फिरकत नाही.

"पक्षात नवं काय सुरू करत्यात व्हय?" सासूबाई म्हणाल्या.

बाजू घेतली ती मामंजींनी. "शिकल्याली पोर हाय. करू दे की."

पहिले आठ दिवस पडद्यावर जपानी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. हळदीचा भाव सांगायला सांगलीत शंभर माणसं, या चौकोनांचं कारण सांगायला एक नाही. मैत्रिणीनं छापून पाठवलेली वीसेक पानं हाच माझा गुरू. चौकोन जाऊन अक्षरं दिसायला लागली, तर ती टाइप होईनात. रोमनमध्ये टाइप केलेल्याचं जपानी करून देणारा एक वेगळा प्रोग्रॅम आधी चालू ठेवावा लागतो, हे कळेपर्यंत घटस्थापना आली. मग एका दुपारी पहिली चित्राक्षरं उमटली. जवळ कुणीच नव्हतं. मी पोटभर रडून घेतलं.

त्यानंतर रोज कामगार जेवायला गेले की मी खाली. अष्टमीला शेवटचं वाक्य झालं. सगळं फ्लॉपीवर उतरवलं आणि फ्लॉपी पुण्याला न्यायच्या पिशवीत ठेवून दिली.

नवमीला सकाळी चहा टाकताना आठवलं, की उतरवताना फ्लॉपीचा दिवा लागलाच नव्हता. ती वीस पानं पुन्हा काढली. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, की फ्लॉपी आधी आज्ञा देऊन मशीनला जोडून घ्यावी लागते, नाहीतर प्रत मशीनमध्येच राहते. म्हणजे पिशवीतली फ्लॉपी कोरी होती. काम दोन मिनिटांचं, आणि माझी गाडी आठची. मी तशीच खाली धावले.

संगणकाला झेंडूची माळ घातलेली होती. समोर नारळ, उदबत्ती. मामंजी ओलेत्यानं उभे होते.

"तुला गाडी हाय म्हणून पहाटंच उठलो आन् आधी तुजंच मशीन पुजलं बघ," ते म्हणाले. "आता उद्या सीमोल्लंघन होईस्तवर कुणी हात लावायचा न्हाई."

हळदकुंकवाचं बोट त्यांनी बरोबर चालू करायच्या बटणावर टेकवलं होतं.

ते तबक घेऊन कटिंग मशीनकडे वळले. तिथंच माळा ओवत बसलेल्या नवऱ्याच्या कानात मी सगळं सांगितलं. तो हळूच म्हणाला, "लाव तू. मी समजावतो त्यांना."

मला राग आला होता. मामंजींचा, खंडेनवमीचा, लिनक्सचा, सगळ्यांचाच. पण माझा हात कुणी धरला नव्हता. मी बोट त्या बटणापर्यंत नेलं. मामंजी पाठमोरे होते, वाकून छापखान्यातल्या जुन्या शिशाच्या अक्षरखिळ्यांच्या पेटीला कुंकू लावत होते. मी दुसरा हात जवळ आणला आणि मशीनला नमस्कार केला.

मामंजींनी वळून माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. "आता होतंय बघ तुजं काम," ते म्हणाले.

मी खोबरं खाल्लं आणि वर जाऊन पिशवी रिकामी केली.