हमालाची गाठ

मालगोदामात तीस वर्षं ट्रकवर पोती बांधणाऱ्या त्या माणसाला सगळे दोरखंड म्हणत. अंगाने काटकुळाच, पण त्याने बांधलेला माल कधी रस्त्यात सुटला नाही. चारचौघांत बोलायचं म्हटलं की मात्र त्याला घाम फुटे.

लेकीच्या स्काउट-गाईड पथकाच्या बाईंनी पालकांना बोलावलं. कुणी शिबिरात स्वयंपाक करतो म्हणालं, कुणी गाडी देतो म्हणालं. एका नर्सने प्रथमोपचार शिकवायचं अंगावर घेतलं.

"तुम्हाला काय येतं?" बाईंनी त्याला विचारलं.

"गाठी," तो पुटपुटला.

"घ्या बाई, निदान मुली पळून तरी जाणार नाहीत," मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. तोही हसला. लेक तेवढी हसली नाही.

रविवारची, आठवड्यातली एकमेव सुट्टी तो मैदानात मुलींना गाठी शिकवण्यात घालवू लागला. मुली "काका, परत दाखवा ना" म्हणत, तेव्हा त्याला स्वतःचेच हात नवे वाटत.

दोन महिन्यांनी परीक्षा आली, तोही बघायला समोर उभा राहिला. खड्ड्यात पडलेल्या माणसाला वर ओढायची गाठ बांधा, असं परीक्षक बाईंनी सांगितलं. लेकीने मैत्रिणीच्या छातीभोवती दोर घेतला आणि बापाची गाठ मारली. परीक्षक बाईंनी दोराला जरा हिसका दिला. दोर आवळला, मैत्रीण कळवळली.

"ही कुणी शिकवली? माणूस गुदमरेल अशाने."

'मी' म्हणायला त्याने तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. बाकीच्या मुलींनी पुस्तकातली गाठ बांधली होती. नापास झाली ती एकटी लेक.

दोघं घरी निघाली.

"पोत्यांना चालते गं ती," तो म्हणाला. "माणसाला श्वास लागतो, हे डोक्यातच आलं नाही माझ्या."

"हं."

"तुला पुस्तकातली येत नव्हती?"

"येत होती."

"मग ती का नाही बांधलीस?"

"तुम्ही समोर उभे होता, बाबा."

पुढच्या रविवारी तो गोदामात कामाला गेला.

"काय दोरखंड, आज मास्तरकी नाही वाटतं?" मुकादमाने डिवचलं.

"नाही," म्हणून तो थप्पीकडे वळला.

सहा महिन्यांनी फेरपरीक्षा होती. त्या दिवशीही त्याने गोदामातली कामाची पाळी मागून घेतली. लेक पास झाली, हे त्याला शेजारणीकडून कळलं.