शोभाताईंची वाकडी शिवण

माझा रॅपचा अल्बम नेटवर आला आणि एका जाणकाराने लिहिलं, ताल पक्का आहे, शब्द मात्र कच्चे. आठवीत शाळा सोडलेल्याला असं वाक्य कुठे लागतं, ते त्यांना काय ठाऊक. पुढची गाणी लिहायचं मी मनातून काढूनच टाकलं.

इथे तिरुपूरच्या कपडा कारखान्यात आम्ही सगळे एकाच कानात इअरफोन घालतो. दुसरा सुपरवायझरसाठी मोकळा. आज समोरच्या मशीनवर शोभाताईंचा पाय पेडलवर ठेक्यात पडत होता. ठेका माझ्या गाण्याचा होता. मी बघतच राहिलो. तेवढ्यात त्यांच्या हातातली बाही सरकली आणि शिवण वाकडी गेली.

"मेल्या, तुझ्यापायी उसवायला लागतंय बघ!"

"मग बंद करा ना, ताई."

"का म्हणून? आईला फोन लावायची ती ओळ आली आणि ध्यानच उडालं माझं."

ताल त्यांच्या पायात होता, तोवर शिवण सरळ होती. बिघडवली ती शब्दांनी. जाणकाराचंही खोटं नसेल. उद्या आणखी कुणी काही लिहील आणि ते मला पुन्हा लागेल. पण गावापासून इतक्या लांब, कुणाच्या तरी चालत्या हातात आपली ओळ शिरते, यापरतं मी काय मागू?

ताईंनी एकेक टाका उसवला. मग तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं आणि या खेपेला पाय पेडलवरून खाली घेतला.