सोळा इंचांच्या आत

स्कॉटलंडच्या गोल्फ मैदानाकडून आलेल्या मेलमध्ये चार ओळी होत्या. तारीख मिळेल. सकाळची वेळ मिळेल. तिघांना एकत्र खेळता येईल. चौथी ओळ अशी की, मैदानावर बॅटरीच्या गाड्या चालत नाहीत. डॉक्टरांचं पत्र असेल तरच एखादी देता येते.

माझ्या थोरल्या साडूंनी ती ओळ दोनदा मोठ्याने वाचली. सावेडीतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघे बसलो होतो : ते, मी आणि मेहुणा. साडू एका कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. नोकरीत साहेबांबरोबर ते गोल्फ शिकले आणि नंतर आम्हा दोघांना त्यांनीच शिकवलं. मेहुणा तिसगावला शेती करतो. साडूंची मुलगी स्कॉटलंडला असते आणि तिच्या घरापासून तासाभरावर समुद्रकाठी हे मैदान आहे. ते एकदा पायी, पूर्ण अठरा होल खेळायचं, हे साडूंनी कधीचं ठरवलं होतं. मधल्या काळात त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं.

"पत्र मिळेल की डॉक्टरांचं," मी म्हणालो.

"गाडीत बसूनच खेळायचं तर मी इथं सोफ्यावर बसून टीव्हीवर बघतो."

स्वयंपाकघरातून आक्का बाहेर आल्या. आक्का म्हणजे साडूंची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. त्या ब्लाउज शिवतात. ऑपरेशननंतर गुडघ्याला सूज येते का हे बघायला त्यांनी शिवणाची टेप लावायला सुरुवात केली, ती अजून चालू आहे. सकाळ-संध्याकाळचं माप भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात लिहिलेलं असतं.

"सकाळी साडेपंधरा इंच असतो," त्या म्हणाल्या. "तिसगावला अठरा होल पायी खेळून दाखवा. संध्याकाळी सोळाच्या आत राहिला तर काढा तिकिटं. वर गेला तर लेकीकडं जायचं, बाकावर बसायचं आणि समुद्र बघायचा."

"मंजूर," साडू म्हणाले.

"आणि होल मोजायला भाऊजी. तुम्हा दोघांच्या मोजण्यावर माझा विश्वास नाही."

भाऊजी म्हणजे मी. तीस वर्षं मी बातम्यांच्या टेबलावर काढली. आकडा चुकला की दुसऱ्या दिवशी खुलासा छापावा लागतो, हे एवढं मला त्या नोकरीने शिकवलं.

तिसगावला मेहुण्याच्या शेताला लागून एक खडकाळ माळ आहे. त्यावर काही पिकत नाही, म्हणून आम्ही तिथे पाच होल केले. गवत नसल्यामुळे होलभोवती हिरवळीऐवजी ब्राऊन आहे : चाळलेल्या वाळूत ट्रॅक्टरचं जळकं ऑइल कालवून केलेला काळपट गोल. होलच्या दिशेने शेवटचा फटका मारायचा तर आधी लोखंडी पाइप ओढून ती वाळू सारखी करावी लागते. हे काम मेहुणा फार मन लावून करतो.

समुद्रकाठच्या मैदानाला लिंक्स म्हणतात, तिथे झाडं नसतात, जमीन कडक असते, वारा सतत असतो, म्हणून चेंडू उंच न उडवता खालून पळवावा लागतो, असं साडूंनी आम्हाला समजावलं तेव्हा मेहुणा म्हणाला होता, "म्हंजी आपला माळच की, दाजी. त्येंच्याकडं समुद्र हाय, आपल्याकडं न्हाई, येवढंच."

शनिवारी सकाळी आक्कांनी निंबाखालच्या बाजेवर साडूंना बसवून माप घेतलं. साडेपंधरा. पाच होलच्या तीन फेऱ्या आणि वर तीन होल, असा हिशेब ठरला. आमचे होल आखूड आहेत, म्हणून प्रत्येक होलनंतर विहिरीपर्यंत जाऊन यायचं. मी खिशात कागद ठेवला आणि प्रत्येक होलला एक रेघ मारत गेलो.

पहिली फेरी सहज झाली. दुसऱ्या फेरीत तिसऱ्या होलच्या ब्राऊनवर शेजाऱ्याची म्हैस बसलेली होती. बरोबर मधोमध.

"हिला उठवायचं म्हंजी अर्धा तास गेला," मेहुणा म्हणाला. "बसू द्या. मागून घिऊ."

आम्ही चौथ्याकडे गेलो. दुपारी भाकरी आणि ठेचा खाल्ला, तासभर पडलो, पुन्हा उठलो. तिसऱ्या फेरीत वारा वाढला आणि साडूंची टोपी दोनदा बांधापलीकडे गेली. ते पाय थोडा ओढत होते, पण बोलत होते. साडू बोलायचे थांबले की काळजी करायची, असं आक्कांनी मला सांगून ठेवलं होतं.

ऊन कलल्यावर, वरचे तीन होल संपवून, ते बाजेवर येऊन बसले. "अठरा!" म्हणाले आणि उजव्या बुटाची नाडी सोडू लागले. आक्कांनी टेप काढली, पण लावली नाही. माझ्याकडे बघितलं.

"झाले का, भाऊजी?"

मी कागद बघितला. "सतरा."

"काय सतरा?" साडू.

"दुसऱ्या फेरीतला तिसरा राहिलाय. म्हैस बसली होती."

"आवो धाकटे दाजी, म्हशीचं धरा की त्यात!" मेहुणा म्हणाला. "शेजारचीच हाय, परकी न्हाई काय."

साडूंनी नाडी तशीच हातात धरली. "साडूभाऊ, तुमचं लग्न मी जमवलं. विसरलात वाटतं."

"विसरलो नाही. पण सतराच झालेत."

आक्का टेप बोटाला गुंडाळू लागल्या. "सतराला माप नाही," त्या म्हणाल्या.

साडूंनी नाडी पुन्हा बांधली, बाजेच्या लाकडावर हात टेकून उठले आणि सात नंबरची स्टिक घेऊन तिसऱ्या होलकडे चालू लागले. मागोमाग आम्ही तिघे. आक्का पहिल्यांदाच माळावर आल्या होत्या.

म्हैस गेली होती. ब्राऊनवर तिच्या बसण्याचा खड्डा होता. मेहुण्याने पाइप ओढून तो बुजवला, आणि त्याला बराच वेळ लागला. वारा समोरून होता. साडूंनी चेंडू खालून मारला. तो खडकावरून टणटणत पळाला, एका दगडाला लागून वळला आणि ब्राऊनच्या अलीकडे थांबला. तिथून त्यांना आणखी चार फटके लागले. चेंडू होलमध्ये पुरलेल्या डब्यात पडल्याचा आवाज आला, तेव्हा मेहुणा म्हणाला, "झालं, दाजी. आता इथंच बसा, बाज आणतो."

"विहीर राहिली," साडू म्हणाले आणि गेले. येताना ते बोलत नव्हते.

आक्कांनी त्यांना निंबाखाली बाजेवर बसवलं, विजार वर सारली आणि टेप लावली. काढली, पुन्हा लावली. मग मला म्हणाल्या, "तुम्ही वाचा. मला चष्म्याशिवाय दिसत नाही."

चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता.

मी खाली बसून वाचलं. "पावणेसोळा. वर एक रेघ."

"सोळाच्या आत?"

"आत."

साडूंनी डोळे मिटून घेतले आणि निंबाच्या बुंध्याला टेकले. "मंग तिकिटं तीनच ना?" मेहुण्याने विचारलं.

"चार," आक्का म्हणाल्या. "तिथं माप कोण घेणार? तू?"

रविवारी आम्ही मेलला उत्तर पाठवलं. गाडी नको, हे वाक्य साडूंनी स्वतः टाइप केलं. मेहुण्याच्या आग्रहाने खाली एक प्रश्न घातला : मैदानावर जनावरं येतात का?

सोमवारी उत्तर आलं. कधीमधी मेंढ्या येतात. चेंडूजवळ बसल्या तर चेंडू उचलून बाजूला ठेवता येतो. होल मात्र सोडता येत नाही.

साडूंनी ते वाचलं. मग फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "घ्या. तुमच्याच पेपरातला कोणी तरी बसलाय तिथं."