‘विथ’ म्हणजे विरुद्ध

लोअर परळच्या एका प्रकाशन कंपनीत मी इंग्रजी व्याकरणाची पुस्तकं तयार करायचे. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी इंग्रजी शब्दयोगी अव्ययांचं पुस्तक करायचं ठरलं, तेव्हा ते आमच्या विभागप्रमुख सरांनी आणि मी मिळून लिहावं, असं वरून सांगण्यात आलं. मिळून म्हणजे मी लिहायचं आणि सरांनी वाचायचं. वाचायलाही त्यांना फुरसत नसे. प्रकरण पाहिलंत का, असं विचारलं की “बेअर विथ मी”, जरा धीर धर, असं म्हणायचे आणि केबिनचं दार लोटून घ्यायचे.

‘विथ’वर लिहिताना मी जुने कोश चाळले. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा मुख्य अर्थ ‘विरुद्ध’ असा होता. सोबतीसाठी ‘मिड’ हा वेगळा शब्द होता. ‘विथ’नं त्याला हुसकावून त्याची जागा बळकावली. ‘विदस्टँड’मध्ये, म्हणजे विरोधात तग धरण्यात, तो जुना विरोध अजून शिल्लक आहे. ‘फाइट विथ’मध्येही आहे. आपल्या ‘शी’चंही तसंच: लग्न कुणाशी तरी होतं, भांडणही कुणाशी तरीच होतं. सरांनी तो सगळा परिच्छेद उडवला. “मुलांना गोंधळवू नकोस,” म्हणाले.

मग मुखपृष्ठ आलं. वर ठळक अक्षरांत सरांचं नाव. खाली बारीक टायपात ‘विथ’ आणि पुढे माझं.

मी केबिनमध्ये गेले. “सर, इथे ‘अँड’ हवं.”

“का? ‘विथ’ म्हणजे सोबतच ना?”

“राजा नोकरांसह आला, असं इंग्रजीत ‘विथ’ वापरून लिहिलं तर क्रियापद एकवचनी राहतं. नोकर मोजलेच जात नाहीत. हे याच पुस्तकात आहे, मीच लिहिलंय.”

ते हसले. “नाव आलंय यात समाधान मान. नाहीतर तेही काढता येतं.”

“काढाच मग.”

दुसऱ्या दिवशी मी नमतं घेईन असं त्यांना वाटलं असावं. मी राजीनामा दिला. नोटिशीच्या महिन्यात आम्ही एकमेकांशी बोललो नाही. ते जवळून गेले तरी मी मान वर करत नसे.

घरी आईनं विचारलं, “नाव नाय, तर इतके दिस राबलंस कित्याक?” मी जेवत राहिले. तिचा मला तेव्हा सरांपेक्षाही जास्त राग आला.

पुस्तक फक्त त्यांच्या नावानं निघालं. दादरच्या एका दुकानात मी ते उघडलं. उदाहरणं माझीच होती, स्वल्पविरामांसकट.

गेल्या वर्षी सर फुलबाजारात समोर आले. “काय गं, अजून राग आहे?”

“आहे,” मी म्हटलं, आणि फुलवाल्याला शेवंतीचा भाव विचारला. मी वळून पाहिलं नाही.