नागावातला डॉलर

मागच्या हिवाळ्यात अमेरिकन डॉलर आमच्या नागावात निम्म्यावर उतरला होता. तो मी उतरवला होता.

आमच्या वाडीत दोन खोल्या पाहुण्यांसाठी आहेत. धंदा माझी बायको मंदा चालवते. मी सल्ला देतो. (मागत कुणी नाही, पण अनुभव वाया कसा घालवायचा?) न्हावा शेव्याच्या बंदरात मालवाहतुकीच्या एका कचेरीत मी बरीच वर्षं होतो. तिथे सकाळी चहाच्या आधी डॉलरचा भाव यायचा. त्यामुळे रुपया-डॉलरचा सगळा इतिहास मला तोंडपाठ!

तर एका ओळखीच्यांनी कळवलं, रॉबर्ट आणि लिंडा नावाचं अमेरिकन जोडपं दोन दिवस येतंय.

मंदा म्हणाली, "सगळ्यांना सांगते तेच सांगा. जेवणखाण धरून दिवसाचे साडेचार हजार."

"अगं, अमेरिकन माणसाला रुपये काय सांगतेस! भागिले पंचेचाळीस... दिवसाला शंभर डॉलर! कसा गोल आकडा आला बघ!"

"पंचेचाळीसच ना? नक्की?"

"डॉलरमधलं मला शिकवतेस?"

मी कळवलं. त्यांनी लगेच होकार दिला, आणि आल्या आल्या दोनशे डॉलर मंदाच्या हातात ठेवले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंदानं पोपटी लावली. वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, सगळं भांबुर्ड्याच्या पाल्यात घालून मडकं उलटं ठेवलं आणि भोवती जाळ केला. पाहुणे मडक्याकडे डोळे लावून बसले. एवढे भुकेले श्रोते मला पुन्हा कुठे मिळणार? मी सुरू झालो.

"सासष्ट साली पावणेपाच रुपयांचा डॉलर एका रात्रीत साडेसात!"

"ओह!" लिंडा मडक्याकडे बघत म्हणाली.

"एक्क्याण्णव साली पुन्हा रुपया आपटला! डॉलरनं पंचविशी ओलांडली! मग चढत चढत... पंचेचाळीस!" आणि मी थांबलो.

"मग पुढे?" रॉबर्टनं विचारलं.

पुढे मी नोकरी सोडली होती! इतिहास तिथेच संपला होता.

रॉबर्टनं मोबाइल काढला. "आज नव्वदच्या आसपास आहे," तो सहज म्हणाला.

मंदाचा हात जाळावरच थांबला. "अहो, नव्वद म्हणजे? म्हंजे आपण यांच्याकडून दुप्पट घेतले?"

"हळू! त्यांनी हो म्हटलंय ना? वाडीतला पंप बंद पडलाय, नवा येईल."

"पंप बंद ऱ्हाऊ दे. मी कळशीनं पाणी घालीन. पाहुण्याला फसवून घेतलेलं न्हाय चालायचं माझ्या दारात!"

ती तडक आत गेली, नोटा घेऊन आली आणि उभ्या आयुष्यात न बोललेलं इंग्रजी बोलू लागली.

"रॉबर्टभाऊ, सॉरी. डॉलर ओल्ड! यू टेक बॅक!"

रॉबर्टला वाटलं, नोटा जुन्या म्हणून बाई घेत नाहीत. त्यानं घाईघाईनं पाकीट उघडून दोन कोऱ्या नोटा पुढे केल्या. मंदानं जोरात मान हलवली. त्यानं आणखी एक काढली!

"अगं थांब, तो वाढवतोय!" मी म्हणालो. (माझा सूर जरा आशेचा होता, हे कबूल.)

मंदानं त्याचं पाकीट त्याच्याच हातानं मिटवलं. "नो, नो! नोट न्यू! हजबंड ओल्ड!"

मग लिंडाला उलगडलं आणि ती अशी हसली की वाडीतले बगळे उडाले. रॉबर्ट पोट धरून खाली बसला. मी शेंगा मोजत असल्यासारखा मडक्याशी वाकलो.

मंदानं शंभर डॉलर परत केले. ते दोघं घेईनात, ती ठेवीना. शेवटी लिंडानंच तोड काढली. "पैसे ठेव. त्याच पैशांत आम्ही आणखी दोन दिवस राहतो. मला घावणे शिकव!"

ते दोन दिवस मंदा आणि लिंडा चुलीपाशी होत्या. एकीला मराठी येत नव्हतं, दुसरीला इंग्रजी. पण गप्पा संपेनात. लिंडाचे घावणे तव्याला चिकटत, तेव्हा मंदा तिच्या मनगटाला धरून पीठ ओतायला शिकवी. मी दाराशी उभा राहून बघत होतो. शब्दांवाचून माणूस जोडण्याची ही कला माझ्या कुठल्याही साहेबाकडे मी पाहिली नव्हती.

जाताना लिंडानं मंदाला मिठी मारली. पुढे त्यांच्या ओळखीतले दोघे-तिघे आले, आणि पंपही आला.

मग एकदा लिंडानं इंटरनेटवर आमच्याबद्दल लिहिलेलं कुणीतरी कागदावर छापून आणून दिलं. "मंदा हे या किनाऱ्याचं सोनं आहे. तिच्या नवऱ्यानं डॉलरचा विषय काढला, तर समुद्र अगदी जवळ आहे."

मी ते आळीभर मोठ्यानं वाचून दाखवलं. चौथ्या घरी मंदानं कागद काढून घेतला, तोवर मला वाटत होतं, त्यांना आपला समुद्रही आवडला!