कोलेसिस्टेक्टॉमी आणि भाग्यश्री

भाग्यश्री आमच्या महाप्याच्या ऑफिसात आली तेव्हा मी तिला खिजगणतीतही धरलं नव्हतं. परदेशी डॉक्टरांचे रिपोर्ट वाचून आजारांना आणि ऑपरेशनांना कोड लावायचे, हे आमचं काम. मी त्यात नऊ वर्षं मुरलेली, कॉन्व्हेंटची, नेरूळच्या सोसायटीतली. ती सारसोळ्याची कोळ्याची पोर, मराठी शाळेतली. तिच्या तोंडून 'ण' सुद्धा धड निघत नाही.

नव्या बॅचसाठी ट्रेनर नेमायचा होता. मी त्या जागेकडे कधीची डोळे लावून बसले होते. पण आमचे मॅनेजर नंदकिशोर सर यांनी आम्हा दोघींना 'कोलेसिस्टेक्टॉमी' हा एकच शब्द दिला आणि शुक्रवारी मुलांना शिकवून दाखवा म्हणाले. दोघींना! नोकरीला जेमतेम दोन वर्षं झालेली ही पोरगी, आयत्या बिळावर नागोबा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

बुधवारी ती माझ्या टेबलापाशी आली. "मॅडम, अर्थ मना कलतो, पन जोर कुठं द्यायचा तेवरं सांगा ना."

जोर 'टेक'वर असतो. मी सांगितलं, "'ले'वर दे." तिनं वहीत लिहून घेतलं, वर मला डब्यातली तळलेल्या बोईट माशाची तुकडी दिली. मी ती खाल्लीसुद्धा.

शुक्रवारी माझा उच्चार अगदी झकास झाला. मुलं मुकाट लिहीत राहिली. मग ती उभी राहिली.

"मच्छी साफ करताना पित्ताची पिशवी फुटली तर सगली मच्छी कडू. म्हनून आई ती आख्खी काढते. कोले म्हंजे पित्त, सिस्ट म्हंजे पिशवी, एक्टॉमी म्हंजे कापून काढनं."

मग तिनं शब्द सलग उच्चारला. जोर बरोब्बर 'टेक'वर. एका मुलीनं विचारलं, "मग अपेंडेक्टॉमी म्हणजे अपेंडिक्स काढणं?" माझ्या वेळी कुणी तोंडही उघडलं नव्हतं.

जागा तिला मिळाली. मी तिला जिन्यात गाठलं. "जोर कुणी सांगितला तुला?"

"मोबाईलवर ऐकला."

"सरांना माझ्याबद्दल काही बोललीस?"

"सरांनी विचारलं, कुनाकडं शिकलीस. मी तुमचं नाव सांगितलं."

ती भोळी आहे की वस्ताद, मला अजून कळलेलं नाही. हेवा मात्र दोन्हींचा वाटतो. सोमवारी सरांनी भर मीटिंगमध्ये तिची गुरू म्हणून मला उभं केलं आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. सगळ्यात जोरात भाग्यश्री वाजवत होती.